'आपली हाडंच बारीक' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा!

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर बसायचे, चहा घ्यायचा आणि चार गोष्टी बोलायच्या, हा आमचा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. या पायरीवर नामांतराची चर्चा झाली, ऐक्याची झाली, गटातटांची तर इतकी झाली की तिचे नाव काढले तरी आता कंटाळा येतो. अलीकडे तरुण लेकी-सुना पोरं कडेवर घेऊन तिथेच बसतात आणि त्यांचा विषय एकच असतो. पोरगं जेवत नाही. वजन भरत नाही. डॉक्टरने टॉनिक लिहून दिले, बाटली संपली, पोरगं आहे तिथेच आहे. हे बायकांचे बोलणे म्हणून आम्ही पुरुष मंडळी उठून पलीकडच्या पायरीवर जाऊन बसत होतो. ऐक्याच्या चर्चेला जेवढा वेळ दिला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका वेळही आम्ही लेकरांच्या ताटाला दिलेला नाही. ही कबुली आधी देतो आणि मग पुढचे लिहितो. कारण हा विषय आमच्याच घरात शिरला तेव्हा आम्ही जसे वागलो ते चळवळीतल्या माणसाला शोभणारे नव्हते.

आमची नात गेल्या जूनमध्ये तीन वर्षांची झाली आणि नर्सरीत जाऊ लागली. दिवाळीच्या सुमारास सूनबाई म्हणू लागली, "बाबा, ही काहीच खात नाही हो. बघा ना, फ्रॉक कसा लोंबतोय अंगावर." आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढता सांगितले, "आपल्या घराण्याची हाडंच बारीक आहेत. तुझा नवरा लहानपणी असाच काडीसारखा होता. काही होत नाही." सूनबाई गप्प बसली. सासऱ्यापुढे सुनेने गप्प बसावे ही शिकवण आमच्या घरात कुणी दिलेली नाही, तरी ती गप्प बसली. डिसेंबरात मात्र ती आम्हाला न सांगता पोरीला वस्तीतल्या अंगणवाडीत घेऊन गेली.

अंगणवाडीच्या सेविकाताई आमच्याच वस्तीतल्या. २०२१ पासून त्यांना सगळी वजने मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर भरावी लागतात, पण त्या कागदाचे कार्डही सोडत नाहीत. मोबाइल रंग दाखवतो, कार्डावर रेघ दिसते, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी नातीचे कार्ड आम्हाला बोलावून दाखवले. जूनमध्ये वजन १२ किलो ६०० ग्रॅम, सप्टेंबरमध्ये १२ किलो ७००, डिसेंबरात पुन्हा १२ किलो ६००. आम्ही म्हणालो, "ताई, ठिपका तर हिरव्या पट्ट्यातच आहे की." ताई म्हणाल्या, "बाबा, ठिपक्याकडे बघू नका, रेघेकडे बघा. या वयात सहा महिन्यांत किलोभर तरी वाढायला पाहिजे होतं. रेघ आडवी पडली आहे. पुढेही अशीच राहिली की हिरवा पट्टाच वर निघून जाईल आणि पोरगी खाली राहील."

आम्ही बी. ए. झालो, सरकारी नोकरी केली, शिबिरांतून भाषणे केली. ही साधी गोष्ट आम्हाला मानधनावर राबणाऱ्या एका बाईने शिकवली.

त्यानंतर आम्ही या तक्त्याविषयी मिळेल ते वाचले आणि जे वाचले ते प्रत्येक समाजबांधवाने वाचावे असे आहे. अंगणवाडीत वापरला जाणारा वजनाचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली जाहीर केला. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली ८,४४० मुले मोजली गेली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका. भारतातली मुले दक्षिण दिल्लीतल्या सुस्थितीतल्या कुटुंबांची होती. निवडलेली सर्व मुले आईच्या दुधावर वाढलेली, पुढे पोटभर आणि नीट खाणारी, स्वच्छ घरात राहणारी. या मुलांची वाढ जवळजवळ सारखी निघाली. घानाचे काळे लेकरू, नॉर्वेचे गोरे लेकरू आणि दिल्लीचे आपले लेकरू, तिघांनाही ताटात सारखे मिळाले तर पाच वर्षांपर्यंत तिघे सारखे वाढतात. देशादेशांतला फरक नगण्य होता.

याचा अर्थ काय होतो? एखाद्या घरात आईबाप बुटके असतील, पोरगे थोडे लहानखुरे असेल, त्यात काही वावगे नाही. असे मूल आपल्या रेघेवरून सरळ वर चढत असते. पण अख्ख्या वस्तीची, अख्ख्या जातीची लेकरे लहान राहत असतील तर तिथे हाडांचा संबंध नाही. अमुक जातीची बुद्धी कमी, तमुक जातीचे रक्त हलके, ही ब्राह्मणी व्यवस्थेची जुनी थाप आहे आणि ती आम्ही कधीच फेकून दिली. मग 'आपली हाडंच बारीक' हे वाक्य आम्ही कुठून उचलले? रक्ताचा सिद्धान्त पुढच्या दाराने हाकलला आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात घेतला, असाच हा प्रकार आहे.

हे वाक्य फक्त आमच्यासारखे म्हातारेच बोलतात असेही नाही. २०१३ साली अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी लेख लिहून मांडले की भारतीय मुले आनुवंशिकतेनेच लहान असतात, त्यामुळे जागतिक मापाने मोजले की आपल्याकडचे कुपोषण फुगवून दिसते. आमचा साधा सवाल आहे. कारण आनुवंशिकता असेल तर एकाच देशात जातीजातींत फरक का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या, वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण अनुसूचित जातींत सुमारे ३९ टक्के आहे, अनुसूचित जमातींत ४१ च्या आसपास आणि जे 'इतर' म्हणवतात त्यांच्यात ३० च्या आत. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या अभ्यासकांनी तर आफ्रिकेशी तुलना करून दाखवले की सवर्ण हिंदूंची मुले आफ्रिकेतल्या मुलांपेक्षा कमी खुंटलेली आहेत आणि आपली जास्त. आता हे आनुवंशिक म्हणायचे की आणखी काही, ते वाचकांनीच ठरवावे.

आपल्या महाराष्ट्राचे आकडे पाहा. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात कमी वजनाची मुले ३६ टक्के होती. २०१९ ते २१ मध्ये ३६.१ टक्के. अंगणवाडी योजना १९७५ पासून चालू आहे. त्याच दोन सर्वेक्षणांत महाराष्ट्रातल्या जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण १.९ वरून ४.१ टक्के झाले, म्हणजे दुपटीहून अधिक. वाळलेली लेकरे होती तिथेच राहिली आणि सुजलेली वाढली. हे दोन्ही एकाच दुकानातून येते, त्याकडे आता वळतो.

सेविकाताईंनी सूनबाईला विचारले, पोरगी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाते, एकेक सांग. सूनबाई सांगत गेली, ताई बोटे मोजत गेल्या. सकाळी चॉकलेटची पूड घातलेले कपभर दूध. शाळेच्या डब्यात क्रीमची बिस्किटे. दुपारी घरी आल्यावर भूक नाही, दोन घास. चारला आमच्यासोबत बशीभर चहा आणि टोस्ट. (हा चहा आम्हीच पाजत होतो. आजोबाचे लाड!) संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातले पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट. रात्री मोबाइल समोर धरून वरणभाताचे तीन-चार घास, तेही झोपेत. ताई म्हणाल्या, "पोरीचं पोट रिकामं नाही, साखरेनं आणि मैद्यानं भरलेलं आहे. भूक लागणार कुठून?"

त्या पुडीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. दुधात घालायच्या असल्या पुडी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या गेल्या आणि आपल्या आयाबायांनी पदराला खार लावून त्या घेतल्या. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवले की बोर्नव्हिटासह अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली दाखवू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाची चीजच नाही. दोन वर्षांखालच्या बाळांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करायला तर १९९२ च्या कायद्यानेच बंदी आहे आणि २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. तरीही गुटगुटीत बाळाचे चित्र आपल्या डोक्यातून जात नाही. शेजारणीचे बाळ गुटगुटीत, आपले नाही, म्हणून आई रडते. शेजारणीच्या बाळाकडे बघून काही कळत नाही, आपल्या बाळाचे मागच्या महिन्याचे वजन काय होते त्यावरून कळते.

आणखी एक. जन्मताना तीन किलोचे मूल पहिल्या वाढदिवसाला साधारण नऊ किलोचे होते, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेगच मंदावतो, म्हणून भूकही कमी होते. हे निसर्गाचे आहे. पण हे कुणी सांगत नाही, मग आई घाबरते, ताट घेऊन मागे धावते, नाक दाबून भरवते, शेवटी मोबाइल देते. मूल अन्नाला भ्यायला लागते. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पाजले तरी जेवण मरते आणि रक्त कमी होते. चहाने तर अन्नातले लोह अंगाला कमी लागते. मात्र दोन-तीन महिने वजन हललेच नाही, घटले, वारंवार ताप, जुलाब, खोकला असला, दोन्ही पायांवर सूज दिसली तर टॉनिकच्या दुकानात न जाता सरकारी दवाखाना गाठावा. त्यामागे जंतापासून क्षयापर्यंत काहीही असू शकते. सेविकेकडे दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेबारा सेंटिमीटरच्या खाली भरला तर सावध व्हायचे, साडेअकराच्या खाली भरला तर एक दिवसही थांबायचे नाही. टॉनिकच्या एका बाटलीच्या पैशात किती अंडी येतात याचा हिशेब ज्याने त्याने करावा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज अकरा-बारा ग्रॅम.

अंड्याचे नाव निघाले आणि आमच्या घरातली खरी गोष्ट बाहेर पडली. सेविकाताईंनी विचारले, "अंडं देत नाही का ग?" सूनबाईने मान खाली घातली. नात मध्येच म्हणाली, "अंडं छी असतं. बास येतो."

तीन वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवले? जूनपर्यंत ती अंडे मागून खात होती, आमच्या ताटातली सुकट वेचून खात होती. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात सूनबाईने डब्यात उकडलेले अंडे दिले. वर्गातल्या बाईंनी सगळ्या मुलांसमोर डबा बंद केला, पोरीला वेगळे बसवले आणि वहीत चिठ्ठी लिहून पाठवली की कृपया केवळ शाकाहारी डबा पाठवावा. त्या दिवशी पोरगी उपाशी घरी आली. सूनबाईने ती चिठ्ठी आम्हाला दाखवली नाही. दाखवली तर बाबा शाळेत जाऊन भांडतील, निवेदन देतील, मोर्चा काढतील आणि पोरीचा प्रवेश जाईल, ही तिची भीती. तिने मुकाट्याने बिस्किटांचे पुडे आणले. बिस्किटाला कुणाची हरकत नसते. पोरीने मात्र अंडे सोडले, मागोमाग सुकट सोडली, मटणाचा रस्सा सोडला. बापाच्या ताटाचाही तिला वास येऊ लागला.

सहा महिने ती पोरगी हे मनात घेऊन जगत होती आणि आम्ही वर्तमानपत्र वाचत होतो.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही खाणे सोडायला सांगितले होते. होय, सांगितले होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या ढोराचे मांस सोडा असे त्यांनी बजावले आणि आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ते सोडले. पण ते सोडणे कशासाठी होते? गावाने लादलेला हीनपणा नाकारण्यासाठी होते. मेलेले ढोर ओढायचे, फेकलेले खायचे आणि त्याबद्दल अस्पृश्य ठरायचे, या करारातून बाहेर पडण्यासाठी होते. दुसऱ्याच्या सोवळ्यासाठी आपल्या लेकराच्या तोंडचे ताजे अंडे काढून घ्या, असे बाबासाहेबांनी कुठे सांगितले? तिथे आपण सोडले आणि ताठ झालो. इथे आपल्याकडून सोडवून घेतले आणि पोरगी खाली मान घालून आली.

लेकरू हातचे जाणे म्हणजे काय हे बाबासाहेबांइतके कुणाला कळले असेल? पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव वाचले. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ मध्ये राजरत्न, चौघे बालपणीच गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळण्यात देशाचे हित आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. आईच्या पोटात असल्यापासून लेकराचे पोषण हा सरकारचा विषय आहे, हे त्यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडले. आणि आज सरकार काय करते? नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्याला केळे, असा निर्णय घेतला. काही धार्मिक मंडळींनी ओरड केली. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद केला आणि शाळांनी लोकसहभागातून सोय करावी असे सांगितले. जिथे लोकांकडेच अंड्याला पैसे नाहीत तिथे लोकसहभाग कुणाचा?

असो. आम्ही शाळेत गेलो. भांडलो नाही, सूनबाईला शब्द दिला होता. मुख्याध्यापिका नम्रपणे म्हणाल्या, "आमच्याकडे सर्व समाजांची मुले येतात. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून नियम केला आहे." आम्ही विचारले, "मॅडम, सर्व समाजांमध्ये आमची नात येते का?" त्यावर त्यांनी वरच्या मंडळींशी बोलते म्हणून सांगितले. मग आम्ही पालकांकडे गेलो. अकरा पालकांनी पत्रावर सह्या केल्या. त्यांत आपले सात, दोन मुस्लिम, एक मच्छीचा धंदा करणारे भोई आणि एक मराठा गृहस्थ, ज्यांच्या मुलाला डॉक्टरनेच रोज अंडे सांगितले होते. पत्राला उत्तर आलेले नाही. फलकावरची सूचना अजून तिथेच आहे. मात्र सूनबाईने पत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून डब्यात पोळी आणि अंड्याची भुर्जी द्यायला सुरुवात केली आणि डबा परत आला नाही. चॉकलेटची पूड बंद झाली. आमची चहाची बशी बंद झाली, ही आम्हाला सर्वांत जड गेली. नात पहिले दोन आठवडे अंड्याला हात लावीना. कुणी जबरदस्ती केली नाही. आम्ही सगळे तिच्यासमोर बसून खात राहिलो. एके दिवशी तिने आमच्या ताटातून सुकट उचलली.

मार्चमध्ये वजन १३ किलो ३०० ग्रॅम भरले. ताईंनी ठिपका काढला आणि रेघ जोडली.

त्याच दिवशी त्यांनी विचारले, "बाबा, काटा महिन्यातून एकदा विहारात आणू का? अंगणवाडीत निम्म्या आया येत नाहीत, कामावर असतात. रविवारी विहारात येतात." पहिल्या रविवारी २३ लेकरे मोजली. सात जणांची रेघ आडवी निघाली, दोघांचा दंड साडेबाराच्या खाली. त्यांतल्या एकाला सोमवारी त्याच्या आईबरोबर आम्हीच सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. या दोघांच्या घरीही आजोबांनी सांगितले होते की आपली हाडंच बारीक आहेत.

काटा वंदनेच्या आधी लावायचा की नंतर, यावर विहार समितीत थोडी वादावादी झाली. तेव्हा आमच्या भन्तेजींनी धम्मपदाच्या अट्ठकथेतली आळवी गावाची गोष्ट सांगितली. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब शेतकरी उशिरा धम्मदेशनेला आला, तेव्हा बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि त्याचे जेवण होईपर्यंत देशना थांबवून ठेवली. समितीने ठराव केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठला काटा लागेल, लेकरांना उकडलेले अंडे मिळेल आणि वंदना नऊला सुरू होईल. अंड्यांचा या महिन्याचा खर्च आमच्याकडे आहे, पुढच्या महिन्याचा रिकामा आहे.